मालवणच्या प्रवाळांची अंडी केव्हा पिकतात: ती रात्र गाठू पाहणाऱ्या नवख्यांसाठी

शिमगा जवळ आला की कुणी ना कुणी विचारतंच, "प्रवाळ अंडी कोणत्या रात्री सोडणार? सुट्टी टाकायची आहे." विचारणाऱ्याने बहुधा ऑस्ट्रेलियातला एखादा व्हिडिओ पाहिलेला असतो. काळंभोर पाणी, फांद्याफांद्यांचं प्रवाळ आणि त्यातून एकदम वर सुटणारे गुलाबी मणी. ग्रेट बॅरिअर रीफवरचा हा प्रकार शास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला नीट नोंदवला, १९८४ मध्ये तो छापून आला, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत तिथल्या शंभराहून जास्त जाती पौर्णिमेनंतरच्या मोजक्या रात्रींत अंडी सोडतात हे पुढे आलं. लोकांच्या लक्षात मात्र 'पौर्णिमेची रात्र' एवढंच राहिलं. त्यावर विसंबून मालवणला याल तर मासळीचं जेवण तेवढं पदरात पडेल.

मी हे काम शिकायला लागलो तेव्हा माहिती विखुरलेली होती. परवानगीचं एका कार्यालयात, भरतीचं तांडेलांच्या, म्हणजे होडी हाकणाऱ्यांच्या, तोंडी, अंड्यांचं इंग्रजी शोधनिबंधांत. ती सगळी एका ओळीत लावली तर एवढंच उरतं: महिना अंडं सांगतं, रात्र चंद्र सांगतो, वेळ सूर्यास्त सांगतो. बहुतेक जण रात्रीपासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. म्हणून खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने घ्या.

१. इथे कोणतं प्रवाळ आहे ते आधी ओळखा

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या उथळ, जरा गढूळ पाण्यात जे प्रवाळ तग धरून आहे ते बहुतेक गोटे, घुमट आणि पापुद्रे अशा आकाराचं. पोराइट्स, फॅवाइट्स, गोनिॲस्ट्रिया, सायफॅस्ट्रिया, टर्बिनेरिया, गोनिओपोरा ही नावं पाठ करा. व्हिडिओत दिसतं ते फांद्यांचं ॲक्रोपोरा. त्याचे नियम इथे जसेच्या तसे लावू नका.

आंग्रिया बँकेचं नाव तुम्ही ऐकलं असेल. विजयदुर्गपासून पश्चिमेला शंभरेक किलोमीटर आत ते बुडालेलं पठार आहे आणि तिथलं प्रवाळ निवळ पाण्यात, वीस मीटर आणि त्याहून खोल. तिथे रात्रीचा डाइव्ह म्हणजे मोठी बोट, मुक्काम आणि अनुभवी पथक. सुरुवात तिथून करू नका.

जात ओळखायची ती नावासाठी नाही, तर ती अंडी कशी सोडते हे कळावं म्हणून. एक वसाहत म्हणजे शेकडो-हजारो पॉलिप, म्हणजे प्रवाळाचे इवले इवले जीव, आणि त्यांचे ढोबळ तीन प्रकार:

- फॅवाइट्स, गोनिॲस्ट्रिया, सायफॅस्ट्रिया: प्रत्येक पॉलिपमध्ये अंडीही आणि शुक्राणूही. दोन्ही एकत्र बांधून त्याचा छोटा पुंजका तोंडातून बाहेर पडतो आणि वर तरंगत जातो.
- गोट्यांचे पोराइट्स, टर्बिनेरिया, गोनिओपोरा: नर वसाहत वेगळी, मादी वसाहत वेगळी. इथे पुंजका नसतो. मादी सुटी अंडी सोडते आणि नर वसाहतीतून नुसता पांढुरका धूर निघाल्यासारखा दिसतो. टॉर्चच्या उजेडात गाळ उडाला असं वाटून लोक तो हमखास सोडून देतात.
- काही जाती अंडं आतच फलित करून तयार अळी बाहेर टाकतात. त्यांचा एका रात्रीचा सोहळा होत नाही. काही जातींत हे महिनोन्‌महिने चालू राहतं.

तुमच्या जागेवर पोराइट्स जास्त असेल तर गुलाबी मण्यांची वाट पाहत बसू नका.

२. कागद आधी, मास्क नंतर

मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झालं. प्रवाळ खडक बांधणाऱ्या सगळ्या प्रजाती २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने प्रवाळाचा तुकडा आणि वाघाचं नख एकाच रांगेत. किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडा "आठवण म्हणून" पिशवीत टाकणंही गुन्ह्यात येतं. पर्यटक हे रोज करतात म्हणून ते चालतं असं समजू नका.

नुसतं पाहणं, अभयारण्यात अभ्यासासाठी जाणं आणि नमुना घेणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. अभ्यासासाठी अभयारण्यात जायला मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, आणि नमुन्यासाठी वेगळी, स्पष्ट शब्दांत लिहिलेली. हे कार्यालय नागपूरला आहे. मालवणातल्या वन कर्मचाऱ्यांनी तोंडी "जावा" म्हटलं म्हणून परवानगी मिळाली असं होत नाही. एकट्याने अर्ज करण्यापेक्षा महाविद्यालय किंवा संशोधन संस्थेच्या नावाने करा.

अर्जासोबत आणि नंतर होडीवर लागणारे कागद:

- संस्थेचं पत्र आणि मार्गदर्शकाची सही
- कामाचा आराखडा: कोणत्या जाती, किती वसाहती, प्रत्येकीतून किती मोठा तुकडा, कोणत्या महिन्यांत
- जागेचे अक्षांश-रेखांश, नकाशासह
- सगळ्यांची ओळखपत्रं आणि डाइव्ह करणाऱ्यांची प्रमाणपत्रं
- होडीचे नोंदणीचे कागद आणि विम्याची प्रत
- रात्री समुद्रात असणार असल्याचं पत्र, बंदर कार्यालय आणि सागरी पोलीस ठाण्याच्या पोचेसह

शेवटचा कागद लोक विसरतात. रात्री किल्ल्यामागे दिवे मालवून उभी असलेली होडी गस्तीच्या बोटीला संशयास्पदच वाटणार, आणि त्यात त्यांची चूक नाही.

अर्ज पावसाळ्यातच टाका. मार्चच्या कामासाठी जानेवारीत अर्ज केला तर परवानगी हाती येईपर्यंत अंडी सुटून गेलेली असतील.

३. अंडं कसं पिकतं ते समजून घ्या

ही पायरी वाचून कंटाळाल, पण पुढचं सगळं हिच्यावर उभं आहे.

पॉलिपच्या पोटात उभे पातळ पडदे असतात. अंडी त्या पडद्यांत वाढतात. सुरुवातीचं अंडं इतकं लहान आणि पारदर्शक असतं की सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाही. मग त्यात हळूहळू बलक आणि मेद भरत जातो. बऱ्याच जातींना या सगळ्याला पाच ते दहा महिने लागतात. शुक्राणूंचं तसं नाही. ते शेवटच्या एक ते तीन महिन्यांत तयार होतात. म्हणून नमुन्यात अंडी दिसली आणि शुक्राणूंच्या पिशव्या दिसल्याच नाहीत तर समजायचं, अजून वेळ आहे. दोन्ही भरलेले दिसले की दिवस जवळ आले.

मेदामुळेच अंडं तरंगतं. पिकत आलं की अंड्याचं केंद्रक मधोमध न राहता कडेला सरकतं. हे सूक्ष्मदर्शकाखाली कापलेल्या पातळ थरात स्वच्छ दिसतं. आणि बऱ्याच जातींत अंड्याला रंग चढतो. आधी पांढरं-दुधी, मग फिकट, मग गुलाबी, नारिंगी, कधी हिरवट. रंग चढणं हे शेवटच्या आठवड्यांचं काम आहे, म्हणूनच ते इतकं उपयोगी.

रंगाचा नियम सगळ्यांना लागू नाही हेही आताच ध्यानात घ्या. पोराइट्सच्या अंड्यांत आईकडूनच सूक्ष्म शैवाल भरून येतं, त्यामुळे ती तपकिरी दिसतात. त्यांचा रंग पाहून "पिकली" म्हणू नका. तिथे अंड्याचा व्यास मोजावा लागतो.

शेवटचा मुद्दा: मार्चमध्ये दिसणारं भरलेलं अंडं आदल्या वर्षीच रुजलेलं असतं. पाणी फार तापून प्रवाळ पांढरं पडलं, म्हणजे ब्लीच झालं, तर ते वाचलं तरी अंड्यांसाठी त्याच्याकडे ताकद उरत नाही. एप्रिल २०२४ मध्ये जगातली चौथी व्यापक ब्लीचिंगची घटना जाहीर झाली. तेव्हा काम सुरू करताना त्या जागेवर आदल्या वर्षी काय झालं होतं ते डाइव्ह करणाऱ्या स्थानिक मुलांना विचारा. वर्षभर पाण्यात तेच असतात.

४. महिना: आधी पाण्याला विचारा

कोकणच्या समुद्राच्या तापमानाला वर्षात दोन चढ असतात. जानेवारी-फेब्रुवारीत पाणी गार, मार्चपासून ते भराभर तापतं आणि एप्रिल-मेमध्ये तीस अंशांच्या आसपास जातं. जूनपासून ढग, पाऊस आणि खालून वर येणारं गार पाणी यामुळे ते उतरतं. पाऊस सरला की ऑक्टोबरमध्ये पुन्हा थोडं चढतं.

जगात अनेक ठिकाणी प्रवाळ पाणी झपाट्याने तापत असतानाच अंडी सोडतं, कमाल तापमान येण्याच्या आधी. सगळीकडे मात्र तसं नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियात निंगालू इथे मुख्य हंगाम मार्च-एप्रिल, म्हणजे तिथला उन्हाळा सरल्यावर. आपल्याकडे मन्नारच्या आखातात, तुतिकोरीनजवळ ॲक्रोपोराने मार्चअखेरीस अंडी सोडल्याचं नोंदवलं गेलं आहे.

मालवणात शोध फाल्गुन, चैत्र आणि वैशाख या तीन पौर्णिमांभोवती सुरू करा. कोजागरीनंतरचे दिवस दुसरी शक्यता म्हणून हाताशी ठेवा. भर पावसात शोधण्यात अर्थ नाही. तेव्हा होड्या बंद, हे तर आहेच. पण तरंगणारं अंडं नेमकं वरच्या थरात जातं, आणि कर्ली नि गड नद्यांचं गोडं पाणी त्याच वरच्या थरात पसरलेलं असतं. असं पाणी अंड्याला आणि शुक्राणूला दोघांनाही सोसत नाही.

तापमानाची नोंद रोज ठेवा. पाण्याखाली बांधून ठेवायचा तापमान लॉगर मिळाला तर उत्तम. नाहीतर हैदराबादच्या इन्कॉइस आणि अमेरिकेच्या नोआ या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थांची उपग्रहावरून मोजलेल्या तापमानाची माहिती मोफत मिळते. उपग्रह पृष्ठभागाचं तापमान सांगतो, किल्ल्यामागच्या तीन-चार मीटरवरचं नाही, एवढं ध्यानात असू द्या.

इथे आपल्या पंचांगातला एक सापळा आहे. "गेल्या वर्षी चैत्री पौर्णिमेनंतर झालं, यंदाही तेव्हाच" असं धरून चालू नका. हनुमान जयंती २०२४ मध्ये २३ एप्रिलला होती, २०२५ मध्ये १२ एप्रिलला, २०२६ मध्ये २ एप्रिलला. चांद्रमास दरवर्षी अकरा-एक दिवस मागे सरकतो आणि अधिक मास आला की पुन्हा पुढे उडी घेतो. समुद्र मात्र सूर्यावर तापतो, त्याला अधिक मास ठाऊक नाही. पौर्णिमा लवकर आली आणि अंडी अर्धी कच्चीच असली तर काही वसाहती त्या महिन्यात सोडतात, उरलेल्या पुढच्या. अशी हंगामाची दोन तुकड्यांत विभागणी बऱ्याच प्रवाळ खडकांवर पाहिलेली आहे. त्यामुळे एका महिन्यात थोडं दिसलं म्हणून बॅग भरू नका.

५. नमुना घ्या आणि नीट वाचा

परवानगी असेल तरच. नसेल तर परवानगी असलेल्या पथकाबरोबर जा. हातात छिन्नी नसली तरी शिकता येतं.

नमुने दिवाळीनंतर सुरू करून महिन्यातून एकदा घ्या, आणि फाल्गुनापासून प्रत्येक पौर्णिमेच्या आधीच्या आठवड्यात. एकाच वसाहतीवरून निष्कर्ष नको. एका जातीच्या निदान काही वसाहती तपासा, नर-मादी वेगळे असतील तर आणखी जास्त. तळहातापेक्षा लहान वसाहत सोडून द्या; ती वयात आलेली नसण्याची शक्यता मोठी. वसाहतीच्या कडेचे पॉलिपही वांझ असतात, कारण तिथे ताकद वाढीवर खर्च होते. घुमटाच्या उतारावरचा, मध्याकडचा भाग निवडा. छोट्या छिन्नीने दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा पुरतो.

तुकडा होडीवर येताच तुटलेली बाजू वर करून दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली धरा. पॉलिप उभा चिरलेला दिसतो: पांढऱ्या चुन्याच्या भिंती, मध्ये ओलसर पारदर्शक पडदे, आणि पिकलेला असेल तर त्या पडद्यांत एकाखाली एक लागलेले रंगीत दाणे. बांगड्याच्या पोटातून गाभोळी काढली की कसे दाणे चिकटून असतात, थेट तसेच, फक्त मोजता येतील इतके. फॅवाइट्सच्या पॉलिपमध्ये ते दाटीने असतात. ॲक्रोपोरात थोडे आणि ठसठशीत, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास.

तीनच रकाने ठेवा: रंगीत अंडी, पांढरी अंडी, अंडी नाहीत. रंगीत असतील तर येती पौर्णिमा. पांढरी पण डोळ्यांना दिसण्याइतकी असतील तर बहुधा त्यानंतरची एखादी. काहीच नसेल तर एकतर सुटून गेली, किंवा हंगाम दूर, किंवा ती नर वसाहत. शंका असेल तर उरलेला तुकडा समुद्राच्या पाण्यात केलेल्या दहा टक्के फॉर्मालिनमध्ये ठेवा. प्रयोगशाळेत सौम्य आम्लात त्याचा चुना विरघळवला की मागे मऊ ऊती तेवढी राहते, आणि मग अंडी सुटी करून मोजता येतात. फॉर्मालिन हातमोज्यांशिवाय हाताळू नका आणि बंद खोलीत उघडू नका. हलत्या होडीवर तर बाटलीला दुहेरी झाकण हवंच.

आता या पायरीवरचा मोठा सापळा. पौर्णिमेआधी अंडी होती, आठवड्याने नाहीत, म्हणजे सोडली. हा तर्क बहुतेक वेळा बरोबर ठरतो, पण नेहमी नाही. ताणाखाली असलेलं प्रवाळ अंडी परत शोषून घेतं. पाणी अचानक तापलं, गाळ बसला, वसाहत पांढरी पडू लागली, तर "अंडी गायब" याचा अर्थ वेगळा असू शकतो. बहुतेक वसाहतींमधून एकाच आठवड्यात ती गेली आणि वसाहती धडधाकट आहेत, तरच "सोडली" असं लिहा.

६. रात्र: कॅलेंडरची मागची बाजू

ज्या जाती चंद्राला धरून चालतात त्या बहुतेक ठिकाणी पौर्णिमेनंतर तिसऱ्या ते सहाव्या रात्रीच्या आसपास अंडी सोडतात. आपल्या भाषेत वद्य तृतीया ते वद्य षष्ठी. फाल्गुनात त्यात रंगपंचमी येते. दिवसभर रंग खेळून रात्री पाण्यात उतरायची हौस असेल तर आधी अंगावरचा रंग नीट धुऊन घ्या. तो समुद्रात सोडायला नको. एक-दोन रात्री मागेपुढे धरून द्वितीया ते अष्टमी पहारा ठेवा.

पौर्णिमेनंतरच का, याचं उत्तर घरातल्या भिंतीवर टांगलेलं आहे. पौर्णिमेपर्यंत सूर्य मावळतो तेव्हा चंद्र आकाशात असतोच, म्हणजे संध्याकाळी पूर्ण अंधार पडत नाही. पौर्णिमेनंतर चंद्र रोज सरासरी पाऊण तासाहून थोडा जास्त उशिरा उगवतो आणि सूर्यास्त ते चंद्रोदय यांत काळोखाची फट पडते. तैवानमध्ये डिप्सॅस्ट्रिया या प्रवाळावर झालेल्या प्रयोगात, २०२१ मध्ये, हीच फट इशारा ठरते असं दिसलं. संकष्टीला उपास करणारे चंद्रोदयाची वेळ कॅलेंडरात शोधतात. तुम्हीही तीच शोधा. वद्य चतुर्थीचा चंद्रोदय छापलेला असतोच. त्यातून सूर्यास्त वजा करा. ही तुमची काळोखाची फट.

तिथी मात्र मोजमाप म्हणून वापरू नका. तिथीचा क्षय होतो, वृद्धी होते. वहीत "पौर्णिमेनंतरची चौथी रात्र, अमुक तारीख" असंच लिहा. नाहीतर पुढच्या वर्षी जुळवताना डोकं धराल.

या इशाऱ्याचा दुसरा अर्थ असा की किनाऱ्यावरचे दिवे कामात खोडा घालतात. रात्रीच्या कृत्रिम उजेडाने प्रवाळाचं वेळापत्रक बिघडतं हे प्रयोगांत दिसलं आहे. एलईडी लावून मासेमारी करण्यावरून कोकणात होणारी भांडणं मासळीपुरती आहेत असं सगळे धरून चालतात. माझ्या मते प्रवाळासाठीही तो प्रश्न विचारायला हवा, आणि किनाऱ्यावरच्या हॉटेलांच्या फ्लडलाइटांबद्दल तर आधी.

७. वेळ आणि भरती

बऱ्याच जाती सूर्यास्तानंतर एक ते चार तासांत उरकतात, प्रत्येक जातीची वेळ ठरलेली. म्हणून घड्याळाची वेळ लिहू नका, "सूर्यास्तानंतर इतकी मिनिटं" लिहा. मार्च आणि मेचा सूर्यास्त सारखा नसतो. सगळ्याच जाती रात्रीच्या नाहीत. पोसिलोपोराच्या काही जाती उजाडल्यावर अंडी सोडतात.

भरतीसाठी जुनं सूत्र कामाला येतं: तिथीला पाऊणने गुणा. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, तीन वाजता पूर्ण भरती, म्हणजे रात्री नऊच्या सुमारास पूर्ण ओहोटी. हे सूत्र मुंबईकडच्या वेळेशी जास्त जुळतं. मालवणात भरती त्याहून आधी येते, कारण ती दक्षिणेकडून वर सरकते. म्हणून सूत्रावरून अंदाज घ्या आणि भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून वेळ पक्की करा.

या हिशेबातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. तुमच्या कामाच्या रात्री संध्याकाळचं पाणी ओसरतं असणार. पाणी उथळ होत जातं, पाय आणि फिन प्रवाळावर आपटतात, आणि देवबागकडून खाडीचं गढूळ पाणी बाहेर येतं. उधाण उतरून भांगाकडे, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असण्याकडे, जाणारे हे दिवस असल्याने ओढ कमी होत जाते, तेवढीच सोय. अंडी आणि शुक्राणू फार पांगत नाहीत म्हणूनच प्रवाळ असे दिवस निवडतं, असंही एक मत आहे.

जागा कधी सोडायची हे तांडेलावर सोपवा. "आज पाणी गढूळ आसा, उद्या बघूया," असं तो म्हणाला तर वाद घालू नका.

८. होडीवर काय हवं आणि पाण्यात काय करायचं

- लाल टॉर्च, प्रत्येकी दोन. साध्या टॉर्चला लाल जिलेटिन कागद बांधला तरी चालतो
- पांढरा टॉर्च फक्त आणीबाणीसाठी
- पाण्यात लिहायची पाटी आणि पेन्सिल
- बारीक जाळीचा शंकू आणि त्याच्या टोकाला उलटी लावलेली पारदर्शक बरणी (अंडी वर तरंगून बरणीत अडकतात; यालाही परवानगी लागते)
- काचेच्या स्वच्छ बरण्या आणि दहापट भिंग
- लाइफ जॅकेट, शिट्टी, पाण्यात न भिजणारी फोनची पिशवी, प्यायचं पाणी
- कागदांच्या प्रती, प्लास्टिकच्या पिशवीत

नांगर वाळूतच टाकायचा, हे निघण्याआधी तांडेलकाकांशी दिवसाउजेडी जागेवर जाऊन ठरवा. रात्री अंदाजाने टाकलेला नांगर एका झटक्यात जुनी वसाहत फोडतो, आणि अशी वसाहत दशकांत वाढलेली असते.

सूर्यास्ताआधी पाण्यात उतरून खुणेच्या वसाहती शोधून ठेवा. अंधार पडल्यावर लाल उजेडात त्याच त्याच वसाहतींवरून फिरा. पुंजके सोडणाऱ्या जातींत आधी तयारी दिसते: पॉलिपचं तोंड फुगतं आणि आत रंगीत गोळा दिसू लागतो. तिथून प्रत्यक्ष सुटेपर्यंत काही मिनिटं जातात किंवा तासभरही. अशी वसाहत दिसली की तिथेच थांबा, पण फ्लॅश मारू नका. पांढऱ्या उजेडाने किडे आणि मासळी गोळा होते, आणि ती सुटणारी अंडी खाते.

जोडीशिवाय उतरायचं नाही. होडीवर एक माणूस फक्त पाण्यातली डोकी मोजायला हवा. मे संपत आला की वळवाचे वारे कधीही उठतात. साधारण तेव्हाच जलक्रीडाही बंद होतात. त्यानंतरची पौर्णिमा सोडून द्या.

९. सकाळचा तवंग पाहून हुरळू नका

पाण्यावर आलेले पुंजके साधारण तासाभरात फुटतात, शुक्राणू मोकळे होतात आणि दुसऱ्या वसाहतीच्या अंड्यांना जाऊन मिळतात. काही तासांत अंड्याचे भाग पडू लागतात, दोन-तीन दिवसांत पोहणारी अळी होते आणि ती पुढे काही दिवसांत तळाला जागा शोधते. मोठ्या प्रमाणात अंडी सुटली तर सकाळी पाण्यावर गुलाबी-तपकिरी तवंग दिसतो.

पण फेब्रुवारी ते मे याच काळात अरबी समुद्रात ट्रायकोडेस्मियम नावाचं नीलहरित शैवाल फुलतं. भुशासारखा तपकिरी थर, कधी वास मारणारा, मैलोन्‌मैल पसरलेला. त्याचे फोटो "प्रवाळाची अंडी" म्हणून फिरतात. थंडीच्या अखेरीस नॉक्टिल्युका हा एकपेशीय जीवही येतो, त्याने पाणी हिरवट दिसतं आणि रात्री ढवळलं की चमकतं.

ओळखायला बरणी पुरे. पाणी भरा, दहा मिनिटं स्थिर ठेवा, भिंगातून पाहा. प्रवाळाची अंडी गोल, अपारदर्शक, मेदाळ, आणि वर येऊन थांबतात. ट्रायकोडेस्मियम म्हणजे काडीसारख्या तंतूंच्या जुड्या. माशांची अंडी काचेसारखी पारदर्शक असतात, बहुतेकांत तेलाचा एक थेंब चमकतो. नॉक्टिल्युकाही गोल आणि पारदर्शक. तो बरणी हलवून अंधारात तपासा. शंका राहिली तर पाणी थंड ठेवून त्याच दिवशी जवळच्या सागरी जीवशास्त्र विभागात न्या.

१०. नोंदवहीत काय लिहायचं

तारीख, पौर्णिमेनंतरची रात्र, सूर्यास्त, चंद्रोदय, पाण्याचं तापमान, भरतीची अवस्था, ढग, किनाऱ्यावरचे दिवे, जात, पाहिलेल्या वसाहती, सोडलेल्या वसाहती, तयारीची वेळ, सुटण्याची वेळ. जात नक्की नसेल तर फोटोचा क्रमांक लिहून "फॅवाइट्ससारखं" एवढंच लिहा. चुकीच्या नावापेक्षा ते बरं.

काहीच न दिसलेल्या रात्रींची पानं फाडू नका. "चौथी रात्र, सूर्यास्तानंतर तीन तास, अकरा वसाहती, काही नाही" अशी ओळ पुढच्या वर्षी येणाऱ्याची एक रात्र वाचवते. मी वही वाचायला घेतो तेव्हा आधी याच ओळी शोधतो. फक्त किती वेळ पाहिलं ते लिहिलेलं हवं. तासभर पाहून "काही नाही" लिहिलं तर त्याचा उपयोग नाही.

परवानगीच्या अटींत अहवाल मागितलेला असतो. तो मुदतीत द्या, नमुन्यांची शिल्लक आणि ते कुठे ठेवलेत याच्या यादीसह. एक प्रत ज्या होडीतून गेलात तिच्या तांडेलालाही मराठीत द्या. पुढच्या हंगामात पाणी कसं आहे ते तुम्हाला फोन करून तोच सांगणार आहे.